चारशे टन

नूरुद्दीनने चुन्याची बादली खाली ठेवली आणि ढिगाभोवती आणखी एक फेरी मारली. कुठेही काळा ठिपका नव्हता. उद्या साहेब तपासणीला येणार होता.

ढीग चारशे टन कोळशाचा. आगबोटींच्या जमान्यात इंग्रजांनी तो आखातातल्या या उजाड बेटावर रचला होता. हिंदुस्थानच्या वाटेवर बोटींना अध्येमध्ये कोळसा लागे, आणि ज्याच्याकडे अशी बेटं, त्याच्या हातात समुद्राच्या नाड्या. ढिगावर चुना मारून ठेवायची पद्धत होती. कुणी एक ढेकूळ जरी उचललं तरी तिथे काळं दिसायचं आणि चोरी उघडी पडायची. पुढे बोटी तेलावर चालू लागल्या, पण ढीग हलवायचा हुकूम काढायचं कुणालाच सुचलं नाही. सरकारी कागदांत बेट अजून मोक्याचं ठाणं होतं. त्या मोक्याच्या ठाण्यावर माणूस एकच, रत्नागिरीकडचा नूरुद्दीन. अठ्ठावीस वर्षं.

त्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. चुना वर्षातून एकदा मारायचा, तर हा महिन्याला मारी. साहेबाच्या लाँचचा तळ घासू नये म्हणून किनाऱ्यावरचे दगडसुद्धा त्याने वेचून काढले होते. आता तिथे नुसती वाळू होती. बेटावर गोडं पाणी औषधालाही नव्हतं, तरी येणारीजाणारी गलबतं त्याच्याकडे घटकाभर थांबत. माणूस लाघवी होता.

गावी जाऊन मात्र त्याला एकोणीस वर्षं झाली होती. साहेब दर वर्षी विचारी, "नूरुद्दीन, छुट्टी चाहिए? दूसरा आदमी भेजूँ?"

नूरुद्दीन छातीवर हात ठेवी. "कोयला दूसरे के हवाले करके नींद नहीं आएगी, साहेब."

साहेब बदलत गेले. प्रत्येकाने जाताना वहीत त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहिले.

दुपारी त्याचा पुतण्या हारुन शारजाहून पाण्याची लाँच घेऊन आला. पिंपं उतरवून झाल्यावर त्याने खिशातून पत्र काढलं.

"चाचीचं ऑपरेशन करायला पाहिजे म्हणतायत. मुंबईला. ती हट्ट धरून बसलीय, तुम्ही आल्याशिवाय टेबलावर चढणार नाही म्हणते."

नूरुद्दीनने पत्र दोनदा वाचलं. शहरबानूला त्याने शेवटचं पाहिलं तेव्हा तिचा एकही केस पिकला नव्हता.

"चिऱ्यांचं घर बांधलंत, दोन्ही पोरींची लग्नं थाटात लावलीत," हारुन म्हणाला. "त्या घरात एक रात्र तरी झोपलात? आता खलास करा, चाचा. इंग्रज स्वतःच आखात सोडून चाललेत. रेडिओवर जानेवारीपासून तेच सांगतायत."

"म्हणून तर थांबलोय. साहेब उद्या ऑर्डर आणतोय. दोन वर्षांचा पगार आणि बोटीचं तिकीट. ते हातात पडलं की पहिली बोट धरतो, इन्शाल्ला. ऑपरेशनचंही त्यातच भागेल."

"आणि हा कोळसा?"

"त्याला आता कोण विचारतंय? राहील इथेच." नूरुद्दीन हसला. हारुनने त्याला इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

हारुन रात्री बेटावरच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आला. तरुण होता, मनाने चांगला होता. तेच नडलं.

त्याने हात मागे बांधून ढिगाला फेरी घातली. "एक भी दाग नहीं. और किनारा कितना साफ है! पूरे गल्फ में ऐसा नहीं." मग तो थांबला. "नूरुद्दीन, ऑफिस ने तुम्हारे लिए दो साल की तनखा मंजूर की थी. और जहाज का टिकट."

"मेहरबानी, साहेब."

"मेहरबानी? शर्म की बात! अट्ठाईस साल के बदले इतना? मैंने वो ऑर्डर कैंसल करवाया."

नूरुद्दीनचा चेहरा उतरला. "कैंसल?"

"एक महीना लड़ा मैं उनसे." साहेबाने शिक्क्याचा कागद त्याच्या हातात दिला. "ये सारा कोयला तुम्हारा. चार सौ टन! दुबई का एक व्यापारी बार्ज लेकर आज ही आ रहा है. बेचो, और बादशाह की तरह घर जाओ."

"साहेब, मेरे को तनखा ही दे दो. नहीं तो टिकट. खाली टिकट."

साहेबाचे डोळे भरून आले. त्याने नूरुद्दीनचे दोन्ही खांदे धरले. "इतना सीधा आदमी मैंने जिंदगी में नहीं देखा," तो म्हणाला आणि लाँचवर चढला. लाँच लांब जाईपर्यंत तो हात हलवत होता.

हारुनला तर काय करू नि काय नको असं झालं. "चाचा, चारशे टन! भट्टीवाले, लोहार, सगळे उड्या मारतील. चाचीला मुंबईच्या मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरकडे न्या आता!" त्याने झोपडीतून कुदळ आणली. "व्यापारी यायच्या आत नमुना काढून ठेवू. यल्ला, चला!"

"हारुन, थांब जरा."

हारुन कुठला थांबतोय. त्याने घाव घातला. चुन्याचा जाड पापुद्रा खाली आला. त्याने वाकून पाहिलं, मग थोडं वर मारलं. मग आणखी खोल. मग कुदळ घेऊन तो पलीकडच्या बाजूला धावला.

नूरुद्दीन वाळूत खाली बसला. एका हातात शहरबानूचं पत्र होतं, दुसऱ्यात शिक्क्याचा कागद. समोर समुद्रात व्यापाऱ्याचा बार्ज दिसायला लागला होता.

"पुरे कर, पोरा," तो म्हणाला. "तिकडेही दगडच आहेत. किनाऱ्यावरून एकेक मीच वाहून आणलाय."