सुतळीच्या दोन गाठी

"मॅडम, पाच मीटरची नेऊ नका. पोचली न्हाई तर मंग तुमी एक्स्टेन्शन लावताल," अतिक म्हणाला. "ते बिलकुल चालत न्हाई. वायर तापते."

नवीन जालन्यातल्या त्याच्या दुकानात, काचेवर, विजेवरच्या गाडीचे दोन चार्जर मांडले होते. दोन्ही पिशवीत घालून कुठंही नेता येतील असे. एकाची वायर दहा मीटर, दुसऱ्याची पाच. वायरी वेटोळी घालून निजल्यासारख्या पडल्या होत्या. उमा बघत राहिली. ती कामाला होती त्या बँकेत अडचण नव्हती. वॉचमनच्या खोलीपाशी गाडी लावली की बटन हाताशीच. अडचण घरची होती.

"घरी गाडीपासून बटन किती लांब?"

उमानं पर्समधून सुतळी काढली. सकाळी गाडीपाशी एक टोक बांधून तिनं स्वतःच अंतरं मोजली होती. सुतळीला दोन गाठी होत्या. अतिकनं ती टेपला लावून ताणली.

"ही जवळची गाठ पाचच्या आतच हाय. लांबची नवाला टेकली. यातली कोणती धरू?"

लांबची गाठ तिच्या स्वयंपाकघरातल्या बटनाची होती. शरदचंद्र, तिचा नवरा, चहा पिता पिता म्हणाला होता, "दहा मीटरची आण. कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम न्हाई."

कुणाच्या, ते त्यानं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. कमरेइतक्या भिंतीपलीकडं दैवशालाचं घर होतं. उमाची थोरली जाऊ. भाऊभाऊ एकमेकांशी बोलायचे. जावांचं बोलणं मात्र कल्याणीच्या हळदीला तुटलं ते तुटलंच.

कल्याणी दैवशालाची लेक. या घरात हळद दळायची ती दोन जावांनीच, जात्याच्या दोन अंगाला बसून. एकीनं ओवी टाकायची, दुसरीनं झेलायची. त्या दिवशी बँकेत हिशेब जुळेना आणि उमाला निघता येईना. दैवशालानं खुंटा धरला, पहिली ओळ टाकली आणि थांबली.

*जावा जावा दोघी, खुंट्यावर चार हात...*

पाहुण्या दाराकडं बघत राहिल्या. ओळ तशीच लोंबकळली. शेवटी कुणीतरी परकीच बाई समोर बसली. उमा धापा टाकत उंबऱ्याशी आली तेव्हा जातं पुसून झालं होतं. "भेटली का सवड बँकेतून?" दैवशाला भर बायकांत म्हणाली. "ऱ्हाऊ दे आता. बसू नको."

उमा उंबऱ्यावरनंच परत फिरली. तेव्हापासून दोघींत विस्तव जात नव्हता. ओवीची दुसरी ओळ उमाच्या ओठांतच राहिली होती. पोळ्या लाटताना ती यायची, बँकेत शिक्के मारताना यायची, आणि परत आत जायची.

"मॅडम?" अतिकनं टेप हलवली. "खर्चा थोडा जास्ती होईल, पण दहाची आरामात पोचंल."

"पाचचीच द्या."

"तुमची मर्जी. पण अर्थिंग बराबर पाहिजे बरं का. न्हाईतर लाल दिवा लागतो, गाडी वीज घेतच न्हाई."

उमा घरी आली तेव्हा दिवस कलला होता. भिंतीलगत उभ्या गाडीवर शेवग्याची फुलं पडली होती. पलीकडं गिरणीची घरघर चालली होती. दैवशालाची घरगुती पिठाची गिरणी, ओसरीवरची. रोज दिवेलागणीला तो आवाज भिंतीवरून यायचा. अर्धवट झोपेत कुणी गुणगुणावं, तसा.

उमानं वायरचं एक टोक गाडीला लावलं. दुसरं भिंतीवरून पलीकडं सोडलं. मग फाटकातून बाहेर पडली आणि जावेच्या फाटकातून आत गेली.

दैवशालाच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. त्या उजेडात ती एकदम म्हातारी दिसली, आणि लगेच पहिल्यासारखीही.

"ताई, बटन पाहिजे होतं. गाडीला."

गिरणी घरघरत राहिली. दैवशालानं उमाकडं पाहिलं, भिंतीवरून लोंबणाऱ्या वायरकडं पाहिलं. तिच्या ओसरीवर जोराच्या विजेचं बटन एकच होतं. त्यात गिरणीची पिन होती.

"दळण अर्ध्यावर सोडू न्हाई," ती म्हणाली. पाट पायानं पुढं सरकवला. "बस."

उमा बसली. बसल्या बसल्या तिचा हात टोपल्यात गेला आणि ज्वारी गिरणीच्या तोंडात सोडू लागला. समोरून दैवशालाचा हात. पिठाचा ऊन वास आला. ओसरी, शेवगा, भिंत, सगळं त्या पांढऱ्या धुक्यात हलकं होऊन गेलं. कुठलं जातं, कुठली गिरणी, काही कळेना. उमाचे ओठ हलले.

*एकलीच्या दळणाला पुरंना गं सारी रात...*

एवढ्या घरघरीत ते कुणाला ऐकू जावं? पण दैवशालाची ज्वारीनं भरलेली मूठ मध्येच थांबली. थोड्या वेळानं उघडली.

दळण सरलं. गिरणी थांबली तशी ओसरीवर केवढी शांतता पसरली. दैवशालानं पिन काढली आणि वायरचं टोक स्वतःच्या हातानं बटनात बसवलं. चार्जरच्या डबीवरचा दिवा क्षणभर लाल झाला. मग तो हिरवा झाला आणि तसाच राहिला.

"सकाळपातूर ऱ्हाऊ दे," दैवशाला म्हणाली.

पदरानं भुवया पुसता पुसता ती वायर बघू लागली. बटनापासून भिंतीपर्यंत, भिंतीवरून गाडीपर्यंत. जेमतेम आली होती, वीतभरसुद्धा जास्त नाही. मग तिची नजर गाडीच्याही पुढं गेली, लांब, उमाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर. बराच वेळ ती तिथंच राहिली.

"उमे, दुकानात लांब वायर नव्हती का गं?"

"होती."