सह्यांची वही

"मावशी, डोळे मिटा आणि धरणाविरुद्धच्या सह्यांची वही कुठे लपवलीत ते आठवा," तपास अधिकारी गुर्जर म्हणाला.

शेवंताबाईंनी निमूट डोळे मिटले. मनातलं चित्र समोरच्या पडद्यावर उमटायला हवं होतं, पण पडदा काळाच राहिला. गुर्जरने त्यांच्या डोक्यावरचं यंत्र दोनदा नीट बसवलं, मग नुसता आंबा आठवायला सांगितला. तोही उमटेना. शेवंताबाईंना त्याची कीव आली.

"यंत्राला नावं ठेवू नका, साहेब. माझ्या मनात जन्मापासून चित्रच येत नाही. गेलेल्या मालकांचा चेहरासुद्धा डोळ्यांपुढे येत नाही."

"मग वही कुठे ठेवली ते आठवत नाही?"

"आठवतं की. सांगणार नाही. गावानं ती माझ्याच हाती उगाच नाही दिली."