बरं आहे म्हणणाऱ्या तिघी

पडद्यावर तीन मैथिली घुगे बसल्या होत्या. खऱ्या मैथिलीच्या तपासण्या आणि स्वभाव घालून मशीनने त्या घडवल्या होत्या. पाळी थांबल्यावर घ्यायचं एकेक औषध घेऊन त्या एका रात्रीत वर्षभर जगल्या होत्या. खरी मैथिली डॉक्टरांसमोर मानेवरचा घाम पुसत होती.

पहिलीला सोयाबीनच्या कॅप्सूल दिल्या होत्या. तिच्या हातांवर गांधी उठल्या होत्या.

“कसं वाटतंय?” डॉक्टर मुजावरांनी विचारलं.

“बरं आहे की,” ती खाजवत म्हणाली.

दुसरी हार्मोनच्या गोळ्या घेत होती. त्यामुळे तिला थायरॉईडची नेहमीची गोळी पुरेनाशी झाली होती. चेहरा सुजला होता, डोळे मिटत होते. “जरा दमते. चालायचंच.”

तिसरीच्या पोटावर हार्मोनची पट्टी होती. अंगावर काही दिसत नव्हतं. “बरं आहे,” तीही म्हणाली.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. “रक्तातलं मला दिसतं. झोप, चिडचिड, अंगाची आग मात्र ह्यांनीच सांगायला हवी.”

“ती पहिली धडधडीत खोटं बोलतेय!” मैथिली उसळली. “अंग सोलून निघालंय, तरी म्हणे बरं आहे!”

“तुमच्यावरूनच केलीय, ताई. तुम्हाला कसं वाटतंय?”

“बरं...” मैथिली थांबली. पडद्यावरच्या तिघी तिच्याकडे बघत होत्या. “नाही. चार महिने धड झोपले नाहीये.”

“आणि तुम्हाला झोप लागते?” डॉक्टरांनी पडद्यावरच्या तिघींना विचारलं.

“मला लागते झोप,” तिसरी चोरी पकडल्यासारखी म्हणाली.