विहिरीची सूचना

वाचनालयातल्या गठ्ठ्यात लढाईच्या महिन्यातल्या वर्तमानपत्राचे सव्वीस अंक होते. त्यातले चार वाळवीने खाल्लेले.

लढाईत छावणीतल्या शिपायांनी आमच्या माळवाडीच्या गावकऱ्यांना मारून विहिरीत टाकलं, असं विहिरीजवळच्या दगडावर कोरलंय. मावशीच्या नवऱ्याचंही नाव त्यात आहे. “रचलेली गोष्ट,” सरपंच म्हणाले होते. “दगड काढणार. पुरावा असेल तर आण, पोरी.”

बातम्या छावणीतल्या अधिकाऱ्यांनी तपासल्यावरच छापत; त्यांत काहीच नव्हतं. “ते कशाला छापतील?” मावशी म्हणाली. “राहू दे, डोळे फोडून घेशील.”

मग मी आरोग्यखात्याच्या सूचना वाचल्या. पटकीच्या भीतीने त्या घाईत, न तपासता छापत. ‘माळवाडीच्या विहिरीतून गोळ्या लागलेली बारा प्रेते काढली आहेत. पाणी पिऊ नये.’

सरपंचांनी ते दोनदा वाचलं. मग मावशीकडे न बघता म्हणाले, “दगड राहील.”

मावशीने दगडावरची नावं बोटाने मोजली. अकरा भरली.