एकच चांगली नळी

राज्यसंघाच्या निवडीच्या आदल्या दिवशी माझं एअर पिस्तूल फरशीवर आपटलं. नळीच्या तोंडाला खाच पडली आणि छर्रे विखरून जाऊ लागले. कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलेलं. नवी नळी मिळणार नव्हती. नेरूळला घरी सासूबाईंनी आपलं पिस्तूल काढलं. तेच मॉडेल, मला नेमबाजी त्यांनीच शिकवलेली. “मूठ, चाप तुझेच ठेव, हाताला बसलेत. नळी माझी घे.” “आई, उद्या निवडीला तुम्हीही उतरताय ना?” माझी खाच पडलेली नळी त्यांनी स्वतःच्या पिस्तुलात बसवली. “माझा नेम चुकला तर लोक वयाला नावं ठेवतील. तुझा चुकला तर तुला.” दुसऱ्या दिवशी त्यांचे छर्रे लक्ष्यभर विखुरले. निवड माझी झाली. “काकूंचं वय झालं आता,” कुणीतरी पुटपुटलं. मी वळले. सासूबाई माझा हात दाबून मोठ्याने म्हणाल्या, “हो, चष्मा बदलायला हवा!”