मशीनची जागा

लाकडी पाट्या कोरायचं छोटं सीएनसी मशीन घरी येणार म्हणून बायको आठवडाभर टेप घेऊन घरभर नाचत होती. हॉलमध्ये भुसा उडेल, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरणार नाही. पण खरी धास्ती होती खालच्या मजल्यावरच्या काकांची. आम्ही मिक्सर लावला तरी ते खालून काठीनं छत ठोकायचे. शेवटी त्यांच्या बेडरूमपासून सगळ्यात लांब, मागच्या बाल्कनीत मशीन बसवलं, खाली रबराच्या दोन चटया अंथरल्या आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

दोनच मिनिटांत बेल वाजली. दारात काका, धापा टाकत.

"चुकलं काका, लगेच बंद करतो," मी हात जोडले.

"बंद कशाला? वेग कमी करा! कटर किंचाळतोय, मोडेल आता! तीस वर्षं मशीनवर काढलीत मी, आवाजावरून कळतं!"

मला बाजूला सारून ते थेट बाल्कनीत घुसले. वेग उतरवला, तसं मशीन गुणगुणायला लागलं आणि काका चक्क मान डोलवायला लागले. बायकोला हसू आवरेना.

जाताना दारातून वळून त्यांनी दम भरला,

"उद्याच्या उद्या हे माझ्या बेडरूमच्या बरोब्बर वर हलवा. इथलं मला नीट ऐकू येत नाही!"