एक टकटक म्हणजे ऐकू आलं

“फ्रिज बंद केलास?” नीन्केने विचारलं.

“केला. तुझी आई म्हणाली, दूध नासलं तर तुम्हा दोघांनाच पाजीन,” तिचा वर्गमित्र योरिट म्हणाला आणि त्याने माळ्याचं दार लावून घेतलं.

घड्याळाचे सेल काढून झाले होते. खिडकीवर रजई टांगली होती. शांतता मोजायची तर आधी ती तयार करावी लागते!

टेबलावर दोन हार्ड डिस्क होत्या, शाळेच्या संगणक मंडळातून मागून आणलेल्या. पहिली मिनिटाला दहा हजार फेरे मारणारी. दुसरी जरा सावकाश, पण तिच्या खोक्यावर छापलं होतं, ‘कुजबुजीपेक्षा हळू’. शेजारी आवाज मोजायचं यंत्र. ते भौतिकशास्त्राच्या बाईंनी “पाडलंस तर याद राख” असं बजावून दिलं होतं.

वेगाचा निकाल दुपारीच लागला होता. वेगवान डिस्कवर खेळाचा नकाशा इतका झटकन उघडला की योरिट खुर्चीतून उठून नाचला. नीन्केचा जीव तिच्यावर जडला होता. पण उपयोग काय? खरी परीक्षा आवाजाची होती.

कारण नीन्केच्या बाबांना झोप लागत नव्हती. त्यांचा जन्मच मालवाहू बोटीवरचा. गेल्या वर्षी बोट विकून घरचे सगळे स्नेक गावातल्या या घरात आले आणि बाबांना कालव्याच्या पुलावर नोकरी मिळाली. बोट आली की पूल उचलायचा, गेली की खाली आणायचा. मागच्या आठवड्यात पूल वर असतानाच त्यांना डुलकी लागली. दोन्हीकडे गाड्यांची रांग. पुन्हा असं झालं तर घरी बसा, असं साहेबांनी सांगितलं होतं.

आईचा संशय नीन्केच्या जुन्या डिस्कवर होता. ती बाबांच्या बरोब्बर डोक्यावर घुरघुरायची, काम नसलं की आपोआप थांबायची. बाबा जिना चढून वर येत तेव्हा ती नेमकी गप्प असे.

“आत्ताच थांबली,” नीन्के म्हणायची.

“कळलं मला,” एवढंच बोलून बाबा परत जायचे.

आईचा हुकूम साधा होता. उद्या रविवार. तोवर बाबा झोपले नाहीत तर संगणक मामाच्या गोठ्यात.

म्हणून आज परीक्षक खुद्द बाबाच होते. पहाटेची पाळी असल्यामुळे ते जेवून, उन्हं असतानाच खाली पलंगावर पडले होते, हातात झाडू घेऊन. नीन्केने टाच आपटली की चाचणी सुरू. काहीही ऐकू आलं तर दांड्याने छतावर टकटक करायची.

आधी हळू बोलणारी डिस्क. नीन्केने टाच आपटली. यंत्राचा काटा जेमतेम थरथरला.

टक टक.

“शक्यच नाही!” योरिट कुजबुजला. “मला इथे बसून ऐकू येत नाही.”

त्यांनी डिस्क आईच्या शिवणाच्या पेटीतल्या इलॅस्टिकवर टांगली. झोपाळ्यासारखी. आता काटा हललासुद्धा नाही.

टक टक.

नीन्केने डिस्क बंदच केली आणि पुन्हा टाच आपटली.

टक टक.

“तुझे बाबा लबाडी करतायत,” योरिट म्हणाला. “त्यांना संगणक घालवायचाच आहे.”

“ए, बाबांबद्दल काही बोलायचं नाही हं!” ती जिन्यात वाकून ओरडली, “बाबा, आत्ता काय ऐकलंत?”

“नळ ठिबकतोय,” खालून आवाज आला. “शेजारी कुणीतरी पान उलटलं. आणि तो पोरगा खारट गोळी चघळतोय.”

योरिटने गोळी मुकाट्याने गिळली.

राहिली वेगवान डिस्क. हिचं काय होणार ते उघड होतं. नीन्केने जड हाताने बटण दाबलं. आधी बारीक शीळ, मग भरदार, न थांबणारी घूं. काटा उडाला. तिने टाच आपटली आणि डोळे मिटून घेतले.

काहीच नाही.

पुन्हा टाच. काहीच नाही.

योरिटने यंत्र उचलून काटा पुन्हा तपासला.

“बाबांचा पलंग बोटीवर इंजिनाला लागून होता,” नीन्के हळूच म्हणाली. “या सुरापुरते त्यांचे कान गेले असतील का?”

“पण गोळी ऐकू येते!” योरिटचे डोळे चमकले. “खाली ठेवून बघू.”

त्यांनी डिस्क सरळ लाकडी जमिनीवर ठेवली. फळ्या तळपायाला गुदगुल्या करू लागल्या. टेबलावरची पेन्सिल घरंगळली. खालून टकटक नाहीच. योरिट घाईघाईने आकडे लिहू लागला. असा शोध कुठल्याही मासिकात आला नव्हता!

तेवढ्यात जिना करकरला. आई.

संपलं. नीन्केने डिस्क बंद करायला झडप घातली. दार फटीएवढं उघडलं. आई अनवाणी होती, एक बोट ओठांवर.

“हात काढ त्या बटणावरून,” ती कुजबुजली. “बोट विकल्यापासून आज पहिल्यांदा झोप लागलीय त्यांना.”